ब्राह्म्ससाठी कोणतं माउथपीस घेऊ?

पत्र : सप्रेम नमस्कार. मी ठाण्याची, वय त्रेचाळीस. चार वर्षांपासून क्लॅरिनेट शिकते आहे. वाद्य बफे क्रॅम्पाँचं ई-११, पण माउथपीस, म्हणजे तोंडात धरायचा भाग, मात्र आधीच्या यामाहावरचं, ४सी. रीड, म्हणजे त्यावर बांधायची वेताची पातळ पट्टी, व्हॅन्डोरेनची, निळ्या डब्यातली, अडीच नंबरची (नंबर जितका मोठा, तितकी रीड कडक). सध्या ब्राह्म्सचा एफ मायनर सोनाटा बसवते आहे. कार्ल लाइस्टर यांनी वाजवलेलं ब्राह्म्सचं क्विंटेट ऐकल्यापासून तो गडद, गोल सूर डोक्यातून जात नाही. माझा सूर उघडा आणि पातळ. वर गेले की तर पिपाणीच. आमच्या हौशी ऑर्केस्ट्रातले एक काका म्हणतात व्हॅन्डोरेनचं बी-४० माउथपीस घे, दुसरे म्हणतात काचेचं घे. सर म्हणतात, आधी रीड बदल. आईचे वडील साताऱ्याकडे बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. त्यांचं जुनं माउथपीस घरात आहे, ते लावलं तर चालेल का? भाऊ दिवाळीत बॉस्टनहून येतोय, हवं ते आणतो म्हणतोय. त्याला काय सांगू?

उत्तर : भावाला अजून काही कळवू नका. असा भाऊ मिळायला भाग्य लागतं हे खरं, पण नेमकं काय आणायचं ते तुम्हाला ठाण्या-मुंबईतच ठरवावं लागेल, आणि त्याआधी दोन-तीन कामं उरकायची आहेत.

सुरुवात त्या क्विंटेटपासून करू. ते ए क्लॅरिनेटसाठी लिहिलेलं आहे. तुमचं वाद्य बी-फ्लॅटचं असणार, आणि तुमचा सोनाटाही बी-फ्लॅटसाठीच आहे. ए क्लॅरिनेट अर्ध्या स्वरानं खाली असतं, नळी थोडी लांब, नाद किंचित भरदार. त्यात लाइस्टर १९५९ ते १९९३ बर्लिन फिलहार्मोनिकचे सोलो क्लॅरिनेटवादक, आणि वाजवत आले ते जर्मन पद्धतीचं वाद्य. त्याची नळी वेगळी, चाव्यांची रचना वेगळी, माउथपीसची फट (त्याचं टोक आणि रीडचं टोक यांतलं अंतर) बेताची, फेसिंग (टोकाकडचं वळण) लांब, रीड अरुंद. कित्येक जर्मन वादक तर रीड अजूनही दोरीनं गुंडाळून बांधतात. तुमचं ई-११ फ्रेंच घराण्यातलं, ब्योम नावाच्या चाव्यांच्या पद्धतीचं. त्यावर जगातलं कुठलंही माउथपीस चढवलंत तरी तो बर्लिनचा सूर जसाच्या तसा निघणार नाही. त्याच्या दिशेनं जाता मात्र नक्की येईल.

आणखी एक गोष्ट, थोडी विषयाबाहेरची. ब्राह्म्सनं १८९१ साली माइनिंगेनच्या वाद्यवृंदात रिखार्ड म्यूलफेल्डला ऐकलं आणि संगीत लिहिणं थांबवायच्या बेतात असलेला हा माणूस पुन्हा लिहायला बसला. ट्रिओ आणि क्विंटेट त्याच वर्षी झाले, दोन्ही सोनाटे १८९४ साली. म्यूलफेल्ड मुळात व्हायोलिनवादक. त्याचं क्लॅरिनेट बॉक्सवूडचं, ऑटेनस्टायनरनं केलेलं. आजच्या काळ्या ग्रेनाडिलापेक्षा वजनाला खूप हलकं लाकूड. ब्राह्म्स त्याला लाडानं ‘फ्रॉइलाइन क्लारिनेट’, म्हणजे कुमारी क्लॅरिनेट म्हणायचा. ज्याच्यासाठी हे संगीत लिहिलं गेलं त्याचा सूर जाडजूड आणि काळोखा असता, तर हे लाडाचं नाव सुचलं असतं असं मला वाटत नाही. ब्राह्म्स म्हणजे गडदच, हा आग्रह आपण नंतरच्या रेकॉर्डिंग ऐकून धरलेला आहे. तुम्ही तो सोडा असं नाही म्हणत. थोडा सैल करा.

आता मुद्द्याचं. वाजवताना वरचे दात माउथपीसच्या चोचीवर टेकलेले असतात. तिथला कंप हाडांतून थेट आपल्या कानात जातो. म्हणून स्वतःचा सूर जितका करकरीत वाटतो, तितका तो समोर बसलेल्याला वाटत नाही; वरच्या कंपनांची धार अंतरानं आणि खोलीतल्या पडद्या-गाद्यांनी आपोआप बोथट होते. याची दुसरी बाजू जास्त धोक्याची आहे. जे माउथपीस तुम्हाला ओठांशी मऊ आणि गडद वाटतं, तेच पाचव्या रांगेत भिजट, अस्पष्ट ऐकू येतं आणि ब्राह्म्सच्या त्या भरगच्च पियानोखाली सरळ बुडतं. दुकानात पाच मिनिटं फुंकून ‘वा, काय गडद आहे!’ म्हणत घरी आणलेली माउथपीस पुढे कपाटात पडून राहतात, ती बहुतेक याच कारणानं.

चांगला गडद सूर म्हणजे वरची हार्मोनिक्स, म्हणजे मूळ स्वरासोबत वाजणारे बारीक वरचे स्वर, कापून टाकलेला सूर नव्हे. क्लॅरिनेटच्या खालच्या भागात पहिलं, तिसरं, पाचवं अशी विषम हार्मोनिक्स जोरकस असतात आणि सम क्षीण. म्हणून तर रजिस्टर की, म्हणजे वरच्या स्वरांत नेणारी चावी, दाबली की आपण बासरीसारखे आठव्या स्वरावर न जाता बाराव्यावर उडी मारतो. हा विषम सांगाडा ठाम उभा राहिला आणि वरची हार्मोनिक्स त्याला धरून राहिली, की ऐकणारा म्हणतो, सूर गोल आहे. वरचं सगळं कापून टाकलंत तर गोलाईसुद्धा जाते, उरतो फक्त दबलेला आवाज.

म्हणून तुमचे सर बरोबर सांगताहेत, आणि त्यांचा सल्ला सगळ्यांत स्वस्त आहे म्हणून तो मागे टाकू नका. यामाहा ४सीची टोकाची फट साधारण १.०५ मि.मी., म्हणजे बेताचीच. चार वर्षं वाजवलेल्या ओठांना अशा माउथपीसवर अडीच नंबरची रीड हलकी पडते. हलकी रीड जोरानं फुंकली की टोकाला मिटू पाहते, आवाज पातळ होतो आणि वरचे स्वर उतरायला लागतात. ते चढवायला आपण नकळत जबड्यानं चावतो. चावलं की फट आणखी मिटते, आवाज आणखी पातळ. तुम्ही जिला पिपाणी म्हणता ती बहुधा हीच.

निळ्या डब्यातलीच तीन नंबर घ्या, आणि सोबत व्हॅन्डोरेनच्याच व्ही-१२ रीडचा तीन नंबरचा एक डबा. व्ही-१२ जास्त जाड वेतातून कापलेली असते : बूड ३.१५ मि.मी., निळ्या डब्यातलीचं २.८. टोक ०.१० मि.मी., निळ्याचं ०.०९. मिलिमीटरचा शंभरावा भाग म्हणजे काय मोठं, असं वाटेल. पण रीडच्या टोकाला तो ओठांना जाणवतो आणि कानालाही. बऱ्याच जणांना व्ही-१२ वर आवाज अधिक भरलेला वाटतो. पहिले काही दिवस तीन नंबर जड लागेल, श्वास कमी पडतोय असं वाटेल, सूर घोगरा येईल. दोन आठवडे तरी मागे फिरू नका.

रीडचंच आणखी थोडं, कारण आपल्याकडे हवा हा अर्धा प्रश्न असतो. पावसाळ्यात ठाण्यात रीड फुगलेली असते आणि एसी हॉलमध्ये तासाभरात वाळून टोकाला लहरी पडतात. एकच आवडती रीड मरेपर्यंत वाजवू नका. चार रीड क्रमानं फिरवा, सपाट काचेच्या केसमध्ये ठेवा, आणि माउथपीसची परीक्षा कोऱ्या रीडवर कधीही घेऊ नका. लेजेरे कंपनीची कृत्रिम रीड पावसाळ्यात फार सोयीची. ती महाग पडते, आणि तिचा आवाज कुणाला आवडतो, कुणाला नाही. मला तालमीला चालते.

आता आरशासमोरच्या दोन तपासण्या. रीड आणि माउथपीस यांच्या मध्ये एक पातळ कागद टोकाकडून सरकवा. जिथे तो अडतो तिथून पुढे रीड माउथपीसपासून सुटी होते. खालच्या ओठाचा आधार साधारण तिथे हवा. पातळ सुराची तक्रार करणारे निम्मे लोक त्याच्या बरंच अलीकडे, टोकापाशी चिमटून वाजवत असतात. दुसरी तपासणी : फक्त माउथपीस आणि बॅरल (त्याच्या लगेच खालचा आखूड तुकडा) जोडून फुंका आणि मोबाइलवरच्या ट्यूनरकडे पाहा. कॉन्सर्ट एफ शार्पच्या, म्हणजे पियानोवरच्या एफ शार्पच्या, आसपास स्वर यायला हवा. बराच चढा आला तर तुम्ही चावताय, बराच उतरला तर ओठ आणि जीभ ढिली आहेत. आणि गडद सुरासाठी ‘घसा उघडा, आ म्हणा’ असं कुणी सांगितलं असेल तर ते बाजूला ठेवा. ‘आ’ म्हटलं की जिभेची पाठ खाली बसते, हवा पसरते, सूर उतरतो आणि विस्कटतो. जिभेचा मागचा भाग ‘ई’ म्हणताना असतो तसा उंच हवा, ओठांचे कोपरे आत धरलेले, हनुवटी सपाट. एवढ्यानं तुमचा सध्याचा ४सीसुद्धा निराळा वाजेल.

हे सगळं करूनही माउथपीस बदलावं लागेल का? माझ्या मते हो. ४सी हे शिकाऊंसाठी प्रामाणिकपणे केलेलं माउथपीस आहे : चटकन बोलतं, पट्टीत राहतं, फार हट्ट करत नाही. पण ब्राह्म्सच्या लांब ओळीत सुराला जे वजन द्यावं लागतं, त्यासाठी त्यात जागा कमी पडते.

माउथपीस कसं वाचायचं ते सांगते, म्हणजे पुढच्या वेळी काकांना तुम्हीच समजावाल. रीड काढा, खिडकीकडे उजेड धरून आत पाहा. ज्या सपाट भागावर रीड निजते ते टेबल. टेबल संपतं तिथून टोकापर्यंत माउथपीस हळूच मागे वळतं. ते वळण म्हणजे फेसिंग. रीडचं टोक आणि माउथपीसचं टोक यांतलं अंतर म्हणजे फट. फट आणि फेसिंग यांचा विचार नेहमी जोडीनं करायचा. फट मोठी असेल तर रीड हलकी लागते, आवाज मोठा आणि लवचीक होतो, पण पट्टी सांभाळायला ओठ तयार हवेत. फट छोटी आणि फेसिंग लांब असेल तर कडक रीड चालते, सूर एकवटतो आणि धरून ठेवायला सोपा जातो. अनेक अभिजात वादक गडद सुरासाठी याच दुसऱ्या वाटेनं जातात. पहिल्या वाटेनं जाणारेही आहेत, आणि ते चुकत नाहीत.

टोकाची कड, तिला टिप रेल म्हणतात, ती पातळ असेल तर उच्चार चटकन आणि झळाळता. रुंद असेल तर सुरुवात जरा मऊ आणि रंग खोल. फार रुंद झाली की जिभेचा ठोका चिखलात पडतो. टोकाच्या लगेच मागे, आतल्या बाजूला जो उतार दिसतो तो बॅफल. तो उंच, म्हणजे रीडच्या जवळ असेल तर हवा वेगानं घासून जाते आणि आवाज उजळ होतो. खोलगट असेल तर आवाज गडद. पण अति खोलगट बॅफल वरच्या सप्तकात दगा देतो : उंच जी किंवा ए पियानिसिमोत, म्हणजे अगदी हळू आवाजात, लावायला जाल तर नुसती हवाच येईल. त्याच्या मागची पोकळी म्हणजे चेंबर, आणि मग बोअर, म्हणजे आतलं गोल भोक. ही पोकळी मोठी असेल तर सूर रुंद आणि खाली सरकलेला. गळ्यातले स्वर, म्हणजे मधला जी, ए, बी-फ्लॅट, यांची पट्टी इथेच बिघडते किंवा सुधारते. माउथपीस विकताना फक्त फटीचा आकडा सांगतात. बॅफल आणि चेंबर मात्र तुम्हालाच डोळ्यांनी पाहावं आणि कानांनी ऐकावं लागतं. एकाच आकड्याची दोन माउथपीस इतकी वेगळी का वाजतात त्याचं उत्तर इथे आहे.

बी-४० बद्दल. काकांनी ते उगाच सुचवलेलं नाही. त्याची टिप रेल रुंद आहे आणि गोल, गडद सुरासाठीच ते ओळखलं जातं. पण त्याची फट १.१९५ मि.मी. आहे. ४सी वरून थेट तिथे जाणं म्हणजे ओठांना एकदम मोठी उडी. सोनाट्याच्या पहिल्या भागातल्या त्या रुंद उड्या, पियानोच्या चार मापांनंतर क्लॅरिनेट येतं तिथल्या, तुम्हाला आज पट्टीत आणता येणार नाहीत. ओठ थकतील, पुन्हा चावायला लागाल, आणि गडद माउथपीसवर पातळ सूर अशी विचित्र अवस्था होईल. वर्ष-दोन वर्षांनी पाहा.

काचेचं माउथपीस दिसायला सुरेख असतं. इटलीतली पोमारिकोची नावाजलेली आहेत. ते उन्हा-पावसात आकार बदलत नाही, ही खरी जमेची बाजू. पण माझ्या कानाला त्याचा सूर स्वच्छ आणि थेट लागतो, तुम्ही मागताय त्याच्या जवळपास उलटा. आणि एकदा फरशीवर पडलं की संपलं. पदार्थावरून वादकांमध्ये रात्र-रात्र वाद चालतात. माझं मत असं की आतल्या आकारापुढे पदार्थ बराच मागे राहतो. एबोनाइट घ्या आणि विषय मिटवा. एबोनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर, त्यामुळे ते गरम पाण्यात कधी धुवू नका. ते हिरवट पडतं, वास सुटतो आणि फेसिंग वाकडं होऊ शकतं. कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब आणि बोट, एवढं पुरतं. मोटारीच्या डॅशबोर्डवर तर ठेवूच नका.

आजोबांचं माउथपीस. पत्रात हे एका ओळीत आलंय, पण मला सगळ्यांत जास्त उत्सुकता त्याचीच आहे. आपल्याकडच्या बँडांची वाद्यं बरीचशी मेरठच्या जली कोठी या वाद्यं बनवणाऱ्या भागातून येत आली, आणि काही जुनी वाद्यं ब्रिटिश लष्करी बँडांकडून. ते लष्करी बँड १९२० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत ए = ४५२ च्या (मधला ए सेकंदाला ४५२ कंपनांचा) आसपासच्या चढ्या पट्टीत वाजवत. त्या काळचं किंवा त्या मापावर केलेलं माउथपीस तुमच्या ई-११ वर बसलं, तरी सगळं वाद्य चढं होऊ शकतं, आणि तेही सारखं नाही; गळ्यातले स्वर जास्त चढतील, खालचे कमी. शिवाय वरातीत ताशांच्या पुढे चालत वाजवायचं माउथपीस उजळ आणि मोठ्या आवाजाचं असणारच. ते त्या कामासाठी केलेलं आहे. तरी एकदा धुऊन, सपाट काचेवर टेबल टेकवून पाहा. डुगडुगत नसेल आणि टोकाला टवका उडाला नसेल, तर ट्यूनर समोर ठेवून वाजवून बघा. त्यावर काही नाव कोरलेलं असेल तर तेही वाचा. शेडव्हिलसारख्या जुन्या फ्रेंच कारखान्याच्या एबोनाइटला आजही किंमत आहे. क्लीव्हलंड ऑर्केस्ट्राचे रॉबर्ट मार्सेलस ज्या कास्पर या माउथपीस करणाऱ्या घराण्याच्या माउथपीससाठी प्रसिद्ध होते, ती कास्पर मंडळी शेडव्हिलच्याच कोऱ्या घडणीवर काम करत. तसं काही निघेल ही शक्यता फार कमी. पण काहीही निघो, फेसिंग घासून ‘सुधारून’ देणाऱ्याच्या हाती ते देऊ नका. एकदा घासलेलं परत येत नाही.

मग घ्यायचं काय? मी तुम्हाला तीन माउथपीस वाजवून बघायला सांगेन, सगळी व्हॅन्डोरेनची, कारण ती भारतात उसनी मिळण्याची शक्यता सर्वाधिक. एम-३०, फट १.१५ मि.मी., फेसिंग लांब. बीडी-५, फट १.१३, तीही लांब फेसिंगची. आणि एम-१३ लायर, फट अवघी १.०२. पहिल्या दोन्हींवर तीन नंबरची रीड लावा. एम-१३ लायरला साडेतीन लागेल, नाहीतर ते चिमटल्यासारखं वाजेल. बीडी-५ गडद सुरासाठीच बाजारात आणलेलं आहे आणि ते तुम्हाला पहिल्या फुंकरीला आवडेल. माझा स्वतःचा कौल मात्र एम-३० ला. तुमच्या टप्प्यावरच्या माणसाला ते रंग देतं आणि तरी मोकळं राहतं. पुढे ओठ तयार झाले की त्याला आणखी गडद करता येतं. एम-१३ लायर मी तिसरं ठेवलंय ते तुलनेसाठी. छोटी फट आणि कडक रीड ही वाट तुम्हाला मानवते का, ते एका संध्याकाळी कळेल.

उसनी कुणाकडून मिळतील? आधी सरांकडून आणि त्यांच्या इतर विद्यार्थ्यांकडून. मग तुमच्याच ऑर्केस्ट्रातल्या लोकांकडून. धोबी तलावच्या फुर्टाडोजसारख्या दुकानात चौकशी करा, पण तोंडाला लावून पाहू देतील का ते आधी फोनवर विचारा. स्वच्छतेच्या कारणानं बरीच दुकानं नाही म्हणतात, आणि त्यांचंही चूक नाही.

परीक्षा घ्यायची ती अशी. तुमच्या नेहमीच्या तालमीच्या हॉलमध्ये, घरच्या बेडरूममध्ये नाही. सरांना किंवा कुणा जाणकाराला पाठ करून शेवटच्या भिंतीपाशी बसवा, कोणतं माउथपीस लावलंय ते सांगू नका. चोचीवर सगळीकडे एकाच जाडीचं रबरी पॅच चिकटवा, म्हणजे दातांतून येणारा कंप सारखा राहील आणि तुमचा स्वतःचा कान कमी फसेल. रीड आधी वाजवून तयार झालेल्या, दोन्ही नंबरांच्या जवळ ठेवा. मग चार गोष्टी वाजवा. खालचा ई लांब, अगदी हळू ते मोठा आणि परत. गळ्यातल्या बी-फ्लॅटवरून वरच्या बी-वर जाणं, सांधा किती दिसतो ते बघायला. सोनाट्यातल्या क्लॅरिनेटच्या पहिल्या ओळी. आणि दुसऱ्या भागाची सुरुवात, तो आंदान्ते, शक्य तितक्या हळू आवाजात. वरच्या सप्तकातला पियानिसिमो ज्या माउथपीसवर न दचकता लागतो, ते वेगळं काढा. मागे बसलेल्यानं निवडलेलं आणि तुम्ही निवडलेलं वेगळं निघालं, तर त्याचं घ्या. ब्राह्म्स ऐकणार आहे तो समोरचा.

फोनवरचं रेकॉर्डिंग या कामाला वापरू नका. फोन आवाज आपोआप वर-खाली करतो आणि सगळी माउथपीस सारखी करून टाकतो.

पट्टीबद्दल विसरू नका. व्हॅन्डोरेनची नेहमीची माउथपीस ए = ४४२ धरून केलेली असतात आणि ‘१३ सिरीज’ असं लिहिलेली थोडी खाली, ४४० च्या हिशेबानं, मुख्यतः अमेरिकेसाठी. बॉस्टनच्या दुकानात भावाच्या हातात १३ सिरीज येण्याची शक्यता बरीच आहे, त्यामुळे हे आधीच ठरवा. आपल्याकडे पियानो बहुधा ४४० ला लावलेले, आणि मे महिन्यातल्या हॉलमध्ये क्लॅरिनेट तसंही चढतं. बॅरल ओढून ते उतरवता येतं, पण त्यात गळ्यातले स्वर जास्त उतरतात आणि लांब नळीचे कमी. म्हणून तुमच्यासाठी १३ सिरीज मला जास्त सोयीची वाटते. एकच अडचण : कार्यक्रम नेहमी कडक एसीच्या सभागृहात होत असेल आणि तुम्ही तिथे आजच उतरत असाल, तर नेहमीचं घ्या. गेल्या कार्यक्रमात बॅरल किती ओढावं लागलं होतं ते आठवून पाहा, उत्तर त्यातच आहे.

लिगेचर (रीड आवळून धरणारा पट्टा) आणि बॅरल यांवर यंदा एक पैसाही घालू नका.

आता भावाकडे या. साधारण शंभर ते दीडशे डॉलरच्या घरात व्हॅन्डोरेनचं नवं माउथपीस येतं. अमेरिकेतली काही वाद्यांची दुकानं चार-पाच माउथपीस घरी पाठवून, न आवडलेली परत घेतात, पण मुदत मोजकीच असते. भावाचा मुक्काम आणि ती मुदत जुळत असेल, तर तुम्ही ठरवलेल्या मॉडेलची दोन नग आणायला सांगा, दोन वेगळ्या मॉडेलची नाही. एकाच मॉडेलच्या दोन नगांतही फरक असतो, आणि एक चांगलं ठेवून दुसरं त्याच्यासोबत परत पाठवता येईल. मुदत जुळत नसेल तर एकच मागवा. त्याला मॉडेलचं पूर्ण नाव, १३ सिरीज हवी की नको, आणि बी-फ्लॅट क्लॅरिनेटचं, हे तिन्ही लिहून पाठवा. दुकानातल्या माणसानं ‘हे त्याहून चांगलं आहे’ म्हणून दुसरं काही पुढे केलं तर घ्यायचं नाही, हेही लिहा.

नवं माउथपीस आलं की त्याचा कॉर्क घट्ट असेल. बॅरलमध्ये जोर लावून कोंबू नका. कॉर्क ग्रीस लावून फिरवत बसवा. आणि तोवर तीन नंबरच्या रीडवर, ४सी लावूनच, सोनाट्याचा दुसरा भाग तयार ठेवा.